कंबर दुखते, एवढेच?

२०१६ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या शाळेतल्या एक सहशिक्षिका तेव्हा सहा महिन्यांच्या गरोदर होत्या. त्यांचा वर्ग वरच्या मजल्यावर होता. तासाची घंटा होऊन पाच-सात मिनिटे उलटली तरी त्या जिन्यातच असत. कठड्याला धरून एक पाऊल वर ठेवायचे, दुसरे त्याच पायरीवर आणून टेकवायचे, क्षणभर थांबायचे, मग पुढची पायरी, असे त्यांचे चढणे चाले. तोवर वर्गातला गलका खाली माझ्या खोलीपर्यंत ऐकू येई. दोनदा मी तोंडी सांगितले, आणि तिसऱ्या वेळी सूचनावहीत लेखी समज दिली. सही करताना त्या एवढेच म्हणाल्या, "सर, चालताना आतली हाडे एकमेकांवर घासल्यासारखी वाटतात." त्यावर मी म्हणालो, "बाई, गरोदरपण म्हणजे काही आजार नव्हे. आमच्या आया शेतात राबता राबता बाळंत झाल्या." त्या पुढे काही बोलल्या नाहीत. गप्प बसलेले मूल मास्तरांना शहाणे वाटते, तशा त्या मला समजूतदार वाटल्या.

ही गोष्ट मी विसरूनही गेलो होतो. २०२२ साली माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून बेळगावला माहेरी आली, आणि तिच्या पाठोपाठ ती विसरलेली गोष्टही घरात आली.

सातवा महिना संपत आला होता. रात्री दोन-अडीचच्या सुमारास तिच्या खोलीतून पलंग करकरल्याचा आवाज येई आणि त्यामागून दाबलेले कण्हणे. कूस बदलायची एवढेच काम, पण ते करायला तिला पाच मिनिटे लागत. सौभाग्यवतींचे म्हणणे, "पोट वाढले की कंबर दुखायचीच. आम्हीही काढलेच ना दिवस?" मीही मान डोलावली. सकाळी ती उभ्याने परकर नेसू शकत नसे, कारण त्यासाठी एका पायावर उभे राहावे लागते. दाराचा उंबरठा ओलांडताना ती चौकटीला धरी. रिक्षात चढायचे म्हटले की तिच्या चेहऱ्यावर आधीच घाम येई. एके दिवशी न्हाणीघरातून येता येता ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडत म्हणाली, "बाबा, मला हे बाळच नको असे वाटायला लागले आहे. आणि तसे वाटते म्हणून मला माझीच भीती वाटते."

पोटच्या मुलीच्या तोंडून असे वाक्य ऐकल्यावर बापाने काय करावे, हे मी एम.ए.ला वाचलेल्या कोणत्याही ग्रंथात नव्हते.

तिला तपासणाऱ्या डॉक्टरांनी बाळाची वाढ उत्तम असल्याचे सांगितले होते आणि दुखण्याबद्दल "बाळंत झालीस की थांबेल" एवढे म्हणून विषय संपवला होता. पुढे एका परिचितांच्या सल्ल्यावरून आम्ही एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी तिला उताणे निजवले आणि गुडघा न वाकवता एक पाय वीतभर उचलायला सांगितला. मुलीला तो उचलवेना. जणू पाय दुसऱ्या कोणाचा आहे. मग त्या बाईंनी दोन्ही बाजूंनी कमरेखालच्या हाडांवर आपले तळहात ठेवून ती आत दाबून धरली आणि म्हणाल्या, "आता उचला बघू." पाय सहज वर आला. मुलगी चकित होऊन माझ्याकडे बघत राहिली. त्या क्षणी तिला औषध काहीच मिळाले नव्हते. पण आपले दुखणे खरे आहे, ते मनाचे खेळ नाहीत, हे कोणीतरी हाताने दाखवून दिले होते. त्या दिवशी ती घरी आली ती निराळ्याच चेहऱ्याने.

मी वैद्यकीय व्यवसायातला नव्हे. परंतु या प्रसंगानंतर जे वाचले आणि जाणकारांना विचारून घेतले, ते आपल्या वाचक कुटुंबांपुढे ठेवावेसे वाटते. कारण घरात सून, लेक, भाची अशी कोणी ना कोणी या अवस्थेतून जातच असते.

आपल्या धडाचा सारा भार ज्या हाडांच्या कड्यावर तोललेला असतो, त्याला श्रोणी म्हणतात. दोन बाजूंना दोन मोठी हाडे, मागे त्यांच्यामध्ये पाचरीसारखे बसलेले त्रिकास्थी, म्हणजे माकडहाडाच्या लगेच वरचे हाड, आणि पुढे ओटीपोटाच्या अगदी खाली दोन्ही हाडे जिथे भेटतात तो जघनसंधी. मागचे दोन आणि पुढचा एक, असे हे तीन सांधे. एरवी ते इतके घट्ट असतात की ते आहेत याची जाणीवही आपल्याला नसते. संस्कृत कवींना मात्र या प्रदेशाचे भारी कौतुक! मेघदूतातल्या यक्षपत्नीची चालसुद्धा श्रोणीच्या भाराने मंदावलेली आहे. ती चाल कशाने मंदावते याचा दुसराही अर्थ असू शकतो, हे शिकवताना इतकी वर्षे माझ्या कधी ध्यानात आले नाही.

गर्भारपणी या सांध्यांचे बंध सैल होऊ लागतात. बाळाला वाट मिळावी ही निसर्गाची योजना. पुढच्या सांध्यातली फट एरवी चार-पाच मिलिमीटर असते, ती या काळात दोन-तीन मिलिमीटरने रुंदावते. हे सैल होणे कशाने घडते याचा शोध १९२६ साली फ्रेडरिक हिसॉ या अमेरिकन संशोधकाने गिनीपिगांवर प्रयोग करून लावला, आणि त्या द्रव्याला पुढे रिलॅक्सिन हे नाव मिळाले. पुष्कळ वर्षे असे मानले जाई की, हे द्रव्य ज्या बाईच्या रक्तात जास्त तिला दुखणे जास्त. पण हिशेब तितका सरळ निघाला नाही. द्रव्य सारखेच असूनही एकीला काही होत नाही आणि दुसरीला पाऊल उचलवत नाही. आता तज्ज्ञ असे मानतात की, सांधे सैल झाल्यावर त्यांना धरून ठेवण्याचे काम पाठीच्या, पोटाच्या व कुल्ल्यांच्या स्नायूंवर येऊन पडते, आणि तो भार जिथे दोन्ही बाजूंना सारखा पेलला जात नाही तिथे दुखणे उमटते. पूर्वी कधी कंबर दुखलेली असणे, पडल्याने वा अपघाताने त्या भागाला मार बसलेला असणे, अंगमेहनतीचे काम असणे, आधीच्या खेपेला हाच त्रास झालेला असणे, या गोष्टी असतील तर शक्यता वाढते. यात बाईच्या नाजूकपणाचा वा आळसाचा काही संबंध नाही.

आणि हे दुखणे विरळाही नाही. युरोपातल्या तज्ज्ञांनी २००८ साली या विषयावर मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत गरोदर स्त्रियांपैकी सुमारे पाचांत एकीला ते होते असे म्हटले आहे. आपल्या ओळखीतल्या पाच लेकीसुना डोळ्यांपुढे आणून पाहा.

इथे मला भाषेचा शिक्षक म्हणून थोडे विषयांतर करू द्यावे. वेदनेसाठी मराठीत शब्दांची काही कमतरता नाही. कळ येते आणि जाते. ठणका घाव घातल्यासारखा पडत राहतो. सणक एका जागेहून दुसरीकडे धावते. चमक क्षणात भरते, उसण पाठीत धरते, आणि रग ही श्रमाची असते, विसाव्याने ती उतरते. एवढी सूक्ष्म भाषा हाताशी असताना आपल्या घरांतल्या बायका डॉक्टरांपुढे बसल्या की सगळ्याला मिळून एकच वाक्य वापरतात: "कंबर दुखते." आणि शेजारी नवरा किंवा सासू बसलेली असली तर तेवढेही नाही. श्रोणीचे दुखणे कमरेच्या वरच्या भागात नसते. ते कमरेखाली, कुल्ल्याच्या वरच्या खळगीपाशी, एका किंवा दोन्ही बाजूंना असते. कधी मांडीच्या मागे उतरते, आणि कित्येकींना अगदी पुढे, जांघांच्या मध्ये असते. ती जागा सांगायची लाज वाटते, म्हणून बाई कंबर म्हणते. आणि कंबर म्हटली की ऐकणारा म्हणतो, ती तर दुखायचीच.

आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली अमेरिकेला जाण्यापूर्वी सेरामपूर येथे भाषण केले होते, त्यात हिंदू स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची गरज का आहे हाच मुद्दा मांडला होता. पुढे १८८६ साली त्यांनी पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्र हाच होता. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. पण रुजू होण्याआधीच, १८८७ च्या फेब्रुवारीत, त्या गेल्या. आज गावोगावी स्त्री-डॉक्टर आहेत. तरीही सांगण्याचा संकोच अजून पुरता गेलेला नाही.

आता मनाविषयी. शरीराचे दुखणे मनात कसे उतरते हे मी माझ्याच घरी पाहिले. आधी झोप गेली. झोप गेल्यावर चिडचिड आली. मग बाहेर जाणे बंद झाले, मैत्रिणींचे फोन घेणे बंद झाले. डोहाळजेवणाला सगळ्या जमलेल्या, तिला पाटावर बसवायचे म्हणून सजवलेला पाट मांडलेला, आणि ती म्हणते मला खुर्ची द्या. एक वृद्ध नातेवाईक बाई पटकन बोलून गेल्या, "आताच्या मुलींना पाटावरही बसवत नाही!" ती हसली, पण रात्री म्हणाली, "माझे वय आज्जीएवढे झाल्यासारखे वाटते." पहिलटकरणीची ही गत, तर जिला आधीचे एक लहान मूल आहे तिचे काय होत असेल? ते हात पसरून येते आणि तिला त्याला कडेवर घेता येत नाही. आपण चांगली आई नाही, चांगली सून नाही, ही टोचणी तिथून सुरू होते. पतिपत्नींमधल्या जवळिकीवरही या दुखण्याची छाया पडते, आणि त्याबद्दल तर कोणीच कोणाशी बोलत नाही. दुसरे मूल नकोच, असा निश्चय कित्येकजणी याच दिवसांत करून टाकतात.

ही केवळ भावुक माणसाची कल्पना नव्हे. स्वीडनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की, बाळंतपणानंतर ज्या स्त्रियांची कंबर वा श्रोणी दुखत राहिली, त्यांच्यात उदासीनतेची लक्षणे इतर बाळंतिणींच्या तिप्पट आढळली. दुखण्याने मन खचते की खचलेल्या मनाला दुखणे अधिक जाणवते, याचा निवाडा सोपा नाही. बहुधा दोन्ही एकमेकांना ओढत नेतात. बाळंतीण दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास राहिली, बाळाकडे पाहूनही तिला काही वाटेना, किंवा जगणे नकोसे झाल्याचे ती बोलू लागली, तर त्याला "ओली बाळंतीण आहे, रडायचीच" असे म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना लगेच सांगावे.

आपल्या चालीरीतींत या दुखण्याला उतार देणारे काही आहे आणि वाढवणारेही आहे. माहेरपण हा मोठा उतार, यात शंका नाही. पण "उकिडवे बसून फरशी पुसली की बाळंतपण सोपे होते" हा उपदेश सरसकट सगळ्यांना करण्यासारखा नाही. जिची श्रोणी दुखते आहे तिला उकिडवे बसून, गुडघे फाकवून केलेले कोणतेही काम, मग ते धुणे असो की केर काढणे, छळणारेच ठरते. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ते आले की कळश्या-बादल्या भरण्याची धांदल उडते, आणि एका हातात भरलेली कळशी घेऊन चालणे म्हणजे त्या सांध्यांना एका बाजूने ओढणेच होय. बाळंतिणीचे पोट बांधण्याची जुनी पद्धत आहे. तिच्यात आणि हल्ली या दुखण्यासाठी देतात त्या पट्ट्यात फरक आहे. हा पट्टा पोटावर बांधायचा नसून पोटाखाली, कुल्ल्यांच्या हाडांभोवती बांधायचा असतो. आम्ही तो आधी चुकीचाच बांधला होता. बाळंतपणानंतर मालीश करणाऱ्या बाईंनाही आधी सांगून ठेवावे. पाय ताणून, बाजूला फाकवून चोळण्याचा आग्रह त्यांनी धरू नये.

त्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मुलीला शिकवलेल्या गोष्टी ऐकायला इतक्या साध्या आहेत, की त्यांना उपचार म्हणावे का असा प्रश्न पडावा. झोपताना कुशीवर निजून दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घ्यायची. कूस बदलताना गुडघे एकमेकांना चिकटवून सगळे अंग एकदम, ओंडका लोटावा तसे, फिरवायचे. कपडे बसून घालायचे. रिक्षात किंवा मोटारीत आधी पाठमोरे बसायचे आणि मग दोन्ही पाय मिळून आत घ्यायचे. पावले लहान टाकायची. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि एका वेळी एकच पायरी. (म्हणजे आमच्या शाळेतल्या बाई कोणी न शिकवताच बरोबर चढत होत्या!) याखेरीज पाठीचे, पोटाचे, कुल्ल्यांचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, पण ते तज्ज्ञांनी तपासून आखून दिलेले असावेत, शेजारणीचे पाहून केलेले नसावेत. स्वीडनमध्येच २००५ साली ३८६ गरोदर स्त्रियांवर झालेल्या एका तौलनिक प्रयोगात असे व्यायाम आणि ॲक्युपंक्चर या दोहोंनीही नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक उतार पडल्याचे दिसले होते. नुसते पडून राहणे हा मात्र उपाय नव्हे. झेपेल तेवढे हिंडतेफिरते राहावे आणि दुखू लागण्याआधी थांबावे. दुखणे थांबवण्याच्या गोळ्या घरातल्या डब्यातून काढून देऊ नयेत. आयब्युप्रोफेनसारख्या काही गोळ्या पाचव्या महिन्यानंतर बाळाला अपायकारक ठरू शकतात, तेव्हा कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारूनच.

या दुखण्याने पोटातल्या बाळाला इजा होत नाही, आणि बहुतेकींचे बाळंतपण नैसर्गिक रीतीनेही होऊ शकते. प्रसूतिगृहात दाखल होतानाच तिथल्या डॉक्टरांना व नर्सबाईंना सांगावे की, हिला श्रोणीचा त्रास आहे, पाय दुखेल इतके फाकवू नका. कुशीवर किंवा गुडघ्या-हातांवर राहूनही प्रसूती करता येते. कमरेत इंजेक्शन देऊन वेदना घालवली असेल तर ही काळजी अधिकच हवी, कारण त्या वेळी कुठे ताण पडतो आहे हे बाईला स्वतःला कळत नाही.

मात्र प्रत्येक दुखणे या एकाच खात्यात घालू नये. पोटात ठराविक वेळाने कळा येऊ लागल्या, अंगावरून रक्त वा पाणी गेले, ताप आला, लघवीला जळजळ होऊ लागली, बाळाची हालचाल मंदावली, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, पायांत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर उशी-पट्ट्यांचा विचार न करता तडक दवाखाना गाठावा. वर कळ आणि ठणका यांतला फरक सांगितला तो याचसाठी. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी २०१६ पासून होत आहे, तिथे वजन, रक्तदाब पाहून होतो, पण "चालताना कुठे दुखते का?" हे कोणी विचारीलच असे नाही. आपणच सांगावे.

माझ्या मुलीचे दुखणे बाळंतपणानंतर दुसऱ्या महिन्यात निम्मे उतरले आणि पाचव्या महिन्यात ती नातवाला घेऊन आमच्या गच्चीचा जिना चढली. बहुतेकींचे असेच काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरते. थोड्याजणींचे मात्र वर्ष उलटले तरी रेंगाळते. त्यांनी "आता बाळंत होऊन इतके दिवस झाले" म्हणून उपचार सोडू नयेत.

मध्यंतरी मी कायदा उघडून पाहिला. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात स्पष्ट तरतूद होती, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आलेली आहे, की प्रसूतीपूर्वीच्या सहा आठवड्यांच्या आधीच्या एका महिन्यात गरोदर स्त्रीने विनंती केल्यास तिला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देता येत नाही. विनंती केल्यास! आणि विनंती करायला आलेल्या बाईला माझ्यासारखा वरिष्ठ आपल्या आईच्या गोष्टी ऐकवतो. माझ्या आईची गोष्टही मला कुठे पुरती ठाऊक होती? ती शेतात राबली हे मी पाहिले. तिला रात्री कूस बदलता येत होती की नाही, हे मी तिला कधी विचारले नाही, आणि आता विचारायला ती नाही.

त्या सहशिक्षिका नंतर बदली होऊन दुसऱ्या गावी गेल्या. गेल्या वर्षी एका प्रशिक्षणवर्गात त्या भेटल्या. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना बाजूला बोलावून, सूचनावहीतली ती नोंद चुकीची होती, असे सांगितले. त्यांना ती तारखेसह आठवत होती. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सर, मला रजा नको होती हो. पाचवीचा वर्ग तेवढा खाली आणला असता तर झाले असते." पाचवीचा वर्ग खाली आणायला मला एक शिपाई आणि अर्धा तास पुरला असता. यंदा जूनमध्ये आमच्या शाळेतल्या एका बाईंसाठी तो आणला. वर्गात एक खुर्चीही ठेवली आहे.